चोवीस पोर्टचा लेयर थ्री स्विच : माल चांगला, मेनू डोकं खाणारा

सांगलीत मिरज रोडला आमच्या पाहुण्यांचं मंगल कार्यालय आहे, तिथं स्टेजचा कॅमेरा जेवणाच्या हॉलमधल्या सहा टीव्हींवर दाखवायचा होता म्हणून हा स्विच घेतला, म्हणजे नेटवर्कच्या वायरी जोडायचा डबा; लेयर थ्री म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पण माल पोचवतो (राउट करतो). तीन महिने झाले वापरतोय, गरम होत नाही, पंख्याचा आवाज पण नाही.

पण सेटिंग! आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या टीव्हीला चित्र हवंय ते ऐकून स्विच तेवढ्याच पोर्टवर पाठवतो) चालू केलं, चित्र झकास आलं, आणि चार-साडेचार मिनिटांनी सगळे टीव्ही काळे, तेही ऐन मंगलाष्टकात, मामांनी जे बघितलं माझ्याकडे ते विचारू नका. कारण साधं होतं, क्वेरियर, म्हणजे ‘चित्र अजून कुणाला हवंय का’ असं विचारत राहणारा, चालूच नव्हता. ही विचारणा, म्हणजे क्वेरी, दर 125 सेकंदांनी जायला पाहिजे, ती आलीच नाही तर 260 सेकंदांत स्विच समजतो की ग्रुप (चित्र ज्या सामायिक पत्त्यावर जातं तो) कुणालाच नको. क्वेरियरचा पर्याय स्नूपिंगच्या पानावर नाही, व्हीएलॅनच्या (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) आत तिसऱ्या टॅबमध्ये दडवलाय, का ते कंपनीलाच ठाऊक.

नंतर कॅमेरा वेगळ्या व्हीएलॅनवर टाकला, मग पीआयएम स्पार्स मोड (ग्रुपचं चित्र एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेणारी सोय) लागला. दोन्ही व्हीएलॅनच्या इंटरफेसवर चालू करायचा आणि आरपी (पाठवणारा आणि बघणारे जिथं गाठ घेतात ती जागा) म्हणून स्विचचाच आयपी द्यायचा. तरी चित्र नाही, अर्धा दिवस गेला, शेवटी कळलं एन्कोडरचा (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर पाठवणारं यंत्र) टीटीएल, म्हणजे पॅकेट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा, 1 होता, म्हणजे पॅकेट राउट होण्याआधीच मरत होतं. यात स्विचचा दोष नाही हां. ग्रुपचा पत्ता 239 ने सुरू होणारा घ्या, 224.0.0 वाला घेतला तर तो राउट होतच नाही.

पाचपैकी साडेतीन. मॅन्युअलचे दीड कापलेत.