कागदासकट वापरलेली तिकिटं: किलोवेअर घेताना काय बघावं

वजनावर विकल्या जाणाऱ्या वापरलेल्या टपाल तिकिटांच्या पिशवीवर, म्हणजे किलोवेअरवर, "न चाळलेला माल" असं हमखास लिहिलेलं असतं. त्या शब्दांना पैसे मोजू नयेत. तिकिटाभोवती कागद किती सोडलाय, शिक्का किती शाबूत आहे आणि गठ्ठा मुळात कुठून आलाय, यावर पिशवीची किंमत ठरते.

आधी कागद. पाकिटाचा कागद साधारण ८५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८५ ग्रॅम) आणि तिकिटाचा ९० च्या आसपासचा धरू. ४ बाय ३ सेंटिमीटरच्या स्मारक तिकिटाभोवती ५ मिलिमीटर कागद ठेवला, तर एक तुकडा पाव ग्रॅमच्या थोडा वर जातो आणि १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास तिकिटं बसतात. त्याच तिकिटाभोवती २ सेंटिमीटर कागद सोडला की आकडा १७० वर येतो. पाकिटाची मागची बाजूही तशीच राहिली असेल तर शंभरही भरत नाहीत. म्हणजे १०० ग्रॅमला ३५० रुपये पडले, तर पहिल्या पिशवीत तिकीट रुपयाला मिळालं आणि शेवटच्या पिशवीत साडेतीन रुपयांच्या वर. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे फोटो मागवण्याचं खरं कारण हेच. अगदी कडेने कापलेला मालही नको. तिकिटाच्या कडेच्या एका दात्याला कात्री लागली तरी संग्राहकाच्या दृष्टीने ते तिकीट बाद. ५-६ मिलिमीटर कड उत्तम.

बँक मिक्स्चर म्हणजे व्यापारी टपालातला माल. त्यात मोठ्या किमतीची तिकिटं जास्त असतात. मिशन मिक्स्चर धर्मादाय संस्थांनी गोळा केलेलं असतं. त्यात वैविध्य असतं, पण तीच नेहमीची छोटी तिकिटं पुन्हापुन्हा येतात. भारतीय मालात आणखी एक दोष फार दिसतो: शिक्क्याऐवजी बॉलपेनची रेघ. अशा तुकड्यांना जवळपास शून्य धरावं.

नेहमीच्या तिकिटांचं कॅटलॉगमधलं किमान मूल्य पाहून हुरळून जाऊ नये. त्या आकड्यात विक्रेत्याचं तिकीट शोधण्याचं आणि देण्याचं कष्टमूल्य असतं. सुट्टं, धुतलेलं (म्हणजे पाण्यात भिजवून कागदापासून सोडवलेलं) साधं तिकीट त्या भावाने कुणी घेत नाही. कागदावरच्या तुकड्याला खरी किंमत येते ती शिक्क्यामुळे. गाव आणि तारीख पूर्ण वाचता येत असेल आणि शिक्का तिकिटावरून कागदावर उतरला असेल, तर तो तुकडा पुरावा ठरतो. गोव्याचंच उदाहरण घ्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, २९ डिसेंबरपासून तिथे भारतीय तिकिटं वापरात आली आणि पोर्तुगीज भारताची जुनी तिकिटं ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालली. त्या मधल्या दिवसांची तारीख असलेलं जुनं तिकीट धुतलं, की कागदावरची अर्धी तारीख गेली आणि त्यासोबत किंमतही. एडनमध्ये (आजच्या येमेनमधलं बंदर) १९३७ पर्यंत भारतीय तिकिटं चालत, त्यामुळे जुन्या मालात तिथला शिक्का दिसला तर पाण्याजवळही नेऊ नये.

याच्या उलट, काही तिकिटं धुतल्याशिवाय ओळखताच येत नाहीत. १९५७ च्या भारताच्या नकाशाच्या तिकीटमालिकेत सुरुवातीला अनेक ताऱ्यांचं जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण) होतं. १९५८ पासून तीच चित्रं अशोकस्तंभाच्या जलचिन्हावर छापली गेली. दोन्ही समोरून सारखीच दिसतात. फरक कळतो मागच्या बाजूने, तोही कागद निघाल्यावर.

म्हणून पिशवी फोडली की आधी सगळे तुकडे भिंगाखाली चाळावेत. तारखेचा गोल शिक्का पूर्ण आलेले बाजूला काढावेत. रंगीत आणि खाकी पाकिटांचे तुकडे वेगळे ठेवावेत, कारण लाल-हिरव्या कागदाचा रंग सुटून पसरला की टबमधली सगळी तिकिटं गुलाबी होतात. बाकीचे साध्या थंड पाण्यात, तिकीट वर ठेवून, १५-२० मिनिटं तरंगू द्यावेत. गरम पाणी नको. तिकीट ओढायचं नाही, कागद सोलायचा. मग टीपकागदावर पालथी मांडावीत आणि जरा दमट असतानाच वजनाखाली रात्रभर ठेवावीत, नाहीतर वळतात. खळीने चिकटवलेली तिकिटं थोडी उशिरा सुटतात. फेविकॉलने चिकटवलेली बहुतेक सुटत नाहीत, ती फाडण्यापेक्षा कागदासकट ठेवलेली बरी. परदेशी मालात स्वयंचिकट अमेरिकी तिकिटं, विशेषतः २००४ नंतरची, पाण्याने सुटतच नाहीत. १८८३-८४ ची ब्रिटिश जांभळी आणि हिरवी तिकिटं तर मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेली आहेत. त्यांचा मूळ रंग टिकलेला असला तरच किंमत.

नवशिक्याने मिशन मिक्स्चरचं १०० ग्रॅम घ्यावं. हात बसायला आणि मालाचं वैविध्य कळायला ते पुरेसं आहे. शिक्के जमवणाऱ्याने कागद सोडवलेला माल अजिबात घेऊ नये. महागडं बँक मिक्स्चर घेण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर १० ग्रॅम मोजून तिकिटं प्रत्यक्ष मोजावीत. मोठ्या आकाराची ३० पेक्षा कमी निघाली तर भाव कमी करायला सांगावा किंवा पिशवी परत करावी.