बेळगावच्या टिळकवाडीतलं फिजिओथेरपी केंद्र: तपासणी चोख, पॅकेज मात्र घेऊ नका

उसण भरली की आपल्याकडे आधी तेल, मग शेक आणि शेवटी 'मणका बसवणारा' गाठतात. या केंद्रात हेच काम शास्त्रशुद्ध होतं. नाव स्पायनल मॅनिप्युलेशन, म्हणजे हातानं मणक्याच्या सांध्याला झटका देणं. पण टेबलावर घेण्याआधी वीसेक मिनिटं तपासतात, आणि पैसे तिथेच वसूल होतात.

उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतात. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान कळ गुडघ्याखाली उतरली, तर शीर दबल्याचा संशय. मग टाचांवर, चवड्यांवर चालवून बघतात. लघवी अडते का, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिर वाटतं का, हेही आडपडदा न ठेवता विचारतात. 'हो' म्हटलंत तर हात न लावता तडक मोठ्या दवाखान्यात धाडतात. संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन (मणक्याचा टीबी असू शकतो), ठिसूळ हाडं, बरीच वर्षं स्टेरॉइड, अशांनाही झटका देत नाहीत. बरोबरच आहे.

प्रत्यक्ष झटका सेकंदाचाही नसतो. कुशीवर झोपवून वरचा गुडघा पोटाकडे दुमडतात, खालचा हात ओढून खांदा मागे वळवतात. सांधा ताणाच्या टोकाला आला की 'श्वास सोडा' म्हणतात, आणि तेवढ्यात छोटा, वेगवान धक्का. गडबड होते ती ताण पुरता न घेता जोर लावला की: धक्का एका जागी न बसता अख्ख्या कमरेत पसरतो, पेशंट अंग आवळतो. इथले हात त्यात तयार आहेत.

'कट्' झाल्यावर मदतनीस 'बसला बघा!' म्हणतो, ते मात्र खोटं. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. हाड सरकलेलंच नसतं, मग बसणार काय!

दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागतात, देऊ नका. २०१७ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या आढाव्यात नव्या कंबरदुखीत सहा आठवड्यांपर्यंत मिळालेला आराम वेदनेच्या १०० गुणांपैकी साधारण १० गुणांचाच होता. तीन-चार वेळांत फरक नसेल तर थांबावं. जोडीला व्यायाम हवाच, पण त्याचा कागद फक्त कन्नड आणि इंग्रजीत! चंदगड-खानापूरहून येणाऱ्या म्हाताऱ्यांनी तो कुणाकडून वाचून घ्यायचा?

मानेला झटका द्यायला आले तर सरळ नको म्हणा. क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते. कमरेला एक-दोन दिवस ठणका राहतो, तो चालतो. त्या दिवशी गाडीवर खड्डे खात गावी जाऊ नका, बस धरा.