सीपॅप लावून तोंड कोरडं, ओठ फुटलेले: ह्युमिडिफायर वाढवायचा की फुल फेस मास्क घ्यायचा?

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, ते लावणाऱ्या बऱ्याच जणांची सकाळ अशीच असते, जीभ टाळूला चिकटलेली, घशाला कोरड, ओठांची सालं निघालेली. मग दुकानदार म्हणतो नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घ्या, ओळखीतले काका म्हणतात ह्युमिडिफायर (मशीनची हवा दमट करणारी पाण्याची टाकी) फुल करा, आणि घरचे म्हणतात रात्री ओठांना तूप लावून झोप. कुणाला ना कुणाला हे लागू पडतं पण सगळ्यांना नाही, म्हणून माझं म्हणणं एवढंच की पैसे घालवायच्या आधी बघा, रात्री हवा तोंडातून बाहेर जातेय का.

नाकाचा मास्क असेल आणि झोपेत तोंड उघडलं तर मशीनची हवा नाकातून आत येते आणि सरळ तोंडातून बाहेर पडते. एरवी श्वास सोडताना नाकाला थोडा ओलावा परत मिळतो, इथे तो मिळतच नाही, सगळा वारा एकाच दिशेने. त्यामुळे नाकाचं आतलं अस्तर सुकतं, सुकलं की सुजतं, सुजलं की नाक चोंदतं आणि नाक चोंदलं की तोंड अजूनच उघडतं. हे चक्र कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. शेजारी झोपणाऱ्याला विचारा, ओठांतून फुर्र फुर्र आवाज येतो का. मशीनच्या रिपोर्टमधे लीक, म्हणजे बाहेर गळणारी हवा बघा, रेसमेड कंपनीच्या मशीनमधे मिनिटाला २४ लिटरच्या वर गेला तर तो जास्त धरतात, फक्त तो मास्कच्या कडेचाही असू शकतो म्हणून आडवं पडून मशीन चालू असताना कडेने हात फिरवून बघा. तोंडच कोरडं आणि नाक ठीक असेल तर संशय तोंडावर, नाकही चुरचुरत असेल, शिंका येत असतील तर हवा कोरडी.

हवा कोरडी असेल तर ह्युमिडिफायरच, आणि तोंडाचा लीक थोडासाच असेल तरीही आधी तोच, कारण गरम दमट हवेने नाक चोंदणं कमी होतं आणि कधीकधी तोंड आपोआप मिटलेलं राहतं. रेसमेडच्याच एअरसेन्स १० या मशीनमधे लेव्हल १ ते ८ असते, एकेक वाढवा आणि दोन-तीन रात्री द्या. पुण्यात एकच सेटिंग वर्षभर चालत नाही हेही लक्षात घ्या. मार्च-एप्रिलची कोरडी हवा, वर एसी लावला की आणखी कोरडी, तेव्हा वाढवावं लागतं आणि जुलै-ऑगस्टमधे कमी केलं तरी भागतं. डिसेंबर-जानेवारीत खरी पंचाईत, रात्री पारा १० च्या आसपास येतो, ह्युमिडिफायर वाढवला की थंड ट्यूबमधे पाणी साठून गुडगुड वाजतं आणि पहाटे नाकावर थेंब पडतात. त्याला उपाय गरम होणारी ट्यूब, नाहीतर साध्या ट्यूबला कापडी कव्हर घाला, मशीन उशीपेक्षा खाली ठेवा आणि पंख्याचा झोत ट्यूबवर येऊ देऊ नका. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर बसतो, आणि उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका.

फुल फेस मास्क कुणी घ्यावा? ज्यांचं नाक खरंच चालत नाही, पडदा वाकडा आहे, ॲलर्जी बारा महिने आहे, किंवा ह्युमिडिफायर वाढवूनही रात्रभर तोंडातून हवा जातेच आहे, त्यांनी. त्यात तोंड उघडलं तरी प्रेशर टिकतं हा मोठा फायदा. पण तोंड उघडंच राहिलं तर थोडी कोरड उरते, त्यामुळे ह्युमिडिफायर तरीही लागतोच. शिवाय मास्क मोठा, कडा जास्त, म्हणून लीकही जास्त, आणि काहींना गुदमरल्यासारखं होतं. आमच्या बाबांना भरघोस मिशा, त्यांच्या वरच्या ओठावर कुशन, म्हणजे मास्कची सिलिकॉनची मऊ कड, कधी नीट बसलंच नाही, शेवटी नाकाचाच मास्क ठेवला, सलाइनचा स्प्रे आणि डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे सुरू केला तेव्हा फरक पडला. म्हणून मी नाकाला मास्कच्या आधीचा नंबर देते. घ्यायचाच असेल तर जिथे चेहऱ्यावर लावून, आडवं झोपून, प्रेशर चालू करून बघू देतील तिथूनच घ्या, नुसतं साइज विचारून ऑनलाइन मागवू नका.

हनुवटीचा पट्टा स्वस्त आहे, जबडा खाली पडणाऱ्यांना चालतो, पण ओठ विलग होणं तो थांबवत नाही. तोंडाला चिकटपट्टी लावणं मला पटत नाही, नाक चोंदलेलं असेल किंवा रात्री उलटी आली तर धोका आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि एक, सर्दीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनीही तोंड सुकतं, तेव्हा सगळा दोष मशीनला देऊ नका. प्रेशर जास्त असल्यानेही तोंड उघडतं, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, स्वतः कमी करू नका.

आता ओठ. तूप किंवा व्हॅसलिन लावून फुल फेस मास्क घातला की सिलिकॉन बुळबुळीत होतं, कुशन सरकतं आणि लवकर खराब होतं. त्यापेक्षा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ) किंवा पाण्यात विरघळणारा बाम झोपायच्या अर्धा तास आधी पातळसा लावा आणि ओठांबाहेर आलेला पुसून टाका. नाकाचा मास्क असेल आणि ओठांना तो टेकत नसेल तर तूप चालेल, पण मशीनला ऑक्सिजन जोडलेला असेल तर तूप, तेल, व्हॅसलिन काहीच नको, आगीचा धोका असतो. दिवसा ओठ चाटायची सवय मोडा, त्याने जास्त फुटतात. बरेच दिवस तोंड कोरडं राहिलं तर दातही किडतात, डेंटिस्टला सीपॅप लावतो हे सांगून ठेवा. आणि ओठांच्या कोपऱ्यातच लाल चिरा पडत असतील, बाम लावूनही भरत नसतील तर त्यामागे बुरशी किंवा बी व्हिटॅमिनची कमतरता असू शकते, तिथे मास्क बदलून काही होणार नाही, डॉक्टरांनाच दाखवा.