धुक्यातली सकाळ, गड्डा जत्रेची रात्र: सिद्धेश्वर तलाव की हिप्परगा तलाव?

जानेवारीत एकट्यानं सोलापूर बघायचं, तर पहाट कुठे काढावी?

खर्च: सिद्धेश्वर तलाव शहरातच, भुईकोट किल्ल्याला लागून. हिप्परगा तुळजापूर रस्त्यावर. परतीची रिक्षा मिळेलच असं नाही, जाता-येताचं भाडं आधीच ठरवा.

धुकं: यात हिप्परगा सरस. पाणी विस्तीर्ण, समोरचा काठ दिसेनासा होतो. सूर्योदय सातच्या सुमारास, त्याआधी पोहोचा. पक्षी मात्र धुकं विरल्यावरच दिसतात, दुर्बीण हवीच. काठचे ओले दगड निसरडे, एकट्यानं पाण्याकडे उतरू नका.

रात्र: संक्रांतीच्या गड्ड्याचं होम मैदान सिद्धेश्वर मंदिराजवळच. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

स्वतःचं वाहन आणि पक्ष्यांची हौस असेल, तर हिप्परगा. वाहन नाही, दिवस एकच, तर सिद्धेश्वर. शेंगा चटणी घेऊन रात्रीची गाडीही गाठता येते.