फोटोत दोन बेडरूम, घरात एकच: टोकन देण्याआधी हे वाचा

घर घेताना आमची जी फसवणूक झाली, तिच्यात खोटे कागद नव्हते, बनावट मालक नव्हता आणि भलत्याच घराचे फोटोही नव्हते. जाहिरातीतला एकूण एक फोटो त्याच घरातला होता. कोणते फोटो लावायचे आणि कोणते गाळायचे, एवढ्यावरच सगळा खेळ झाला. अशी फसवणूक दाखवून देणं फार जड जातं, कारण समोरचा माणूस शेवटपर्यंत म्हणत राहतो, "यात खोटं काय आहे ते दाखवा." म्हणून सविस्तर लिहिते आहे.

नवऱ्याची बदली ठरली होती. सासूबाईंना दमा आहे, त्यांना घेऊन आज या घरात, उद्या त्या घरात असं करणं शक्य नव्हतं, म्हणून जाण्याआधीच घर पक्कं करायचं होतं. एजंटला आम्ही पहिल्याच फोनवर अट सांगितली होती: दोन बेडरूम हव्यात आणि सासूबाईंच्या खोलीला मोठी खिडकी हवी, हवा खेळती हवी. "ताई, अगदी तुम्हाला हवं तसंच घर आहे," असं म्हणून त्याने जाहिरात पाठवली.

पहिला फोटो हॉलचा. पडदे बाजूला सारलेले, फरशीवर ऊन. मग तोच हॉल चारही कोपऱ्यांतून. मग ओटा, बाल्कनीतली कुंडी, बाथरूमचा चकचकीत नळ आणि त्याशेजारी घडी घातलेला टॉवेल. आणि दोन बेडरूम. एकीत निळी चादर, खिडकी डावीकडे. दुसरीत पिवळी चादर, खिडकी उजवीकडे. दोन्ही खोल्यांत भरपूर उजेड. नवरा म्हणाला, पिवळी आईला देऊ.

आम्ही व्हिडिओ मागितला. त्याने हॉल आणि स्वयंपाकघराचा पाठवला. बेडरूमचं विचारलं तर म्हणाला, "आतल्या खोल्यांना कुलूप आहे, मालक बाहेरगावी आहेत. जाहिरातीत फोटो आहेतच ना?" सोबत लेखी मेसेज: दोन्ही बेडरूम हवेशीर, मोठ्या खिडक्या. संध्याकाळी परत फोन, "उद्या सकाळी दुसरी पार्टी टोकन द्यायला येते आहे, सर, तुमच्यासाठी थांबवून धरलंय." आम्ही टोकन दिलं.

ताबा घेण्याआधी घर बघायला गेलो तेव्हा निळ्या चादरीची खोली जशीच्या तशी होती. दुसरी बेडरूम म्हणून जी खोली उघडली, ती स्वयंपाकघराच्या मागची होती. अरुंद. खिडकी होती, पण ती डक्टमध्ये उघडत होती, भर दुपारी दिवा लावावा लागला. भिंतीला कमरेइतक्या उंचीपर्यंत ताजा रंग होता, त्यावर बोट फिरवलं तर पापुद्रा सुटला आणि आतून पांढरी भुकटी आली. लोणा. सासूबाई दाराशीच खोकायला लागल्या, आत आल्याच नाहीत.

मी विचारलं, "मग फोटोतली दुसरी बेडरूम कुठे आहे?" एजंट म्हणाला, "हीच की, मॅडम. फोटो वेगळ्या अँगलने काढलाय."

तिथेच उभी राहून मी मोबाइलवर दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. निळ्या चादरीच्या फोटोत खिडकीच्या ग्रिलचा डावीकडून दुसरा गज मधोमध किंचित वाकलेला होता. पिवळ्या चादरीच्या फोटोत उजवीकडून दुसरा गज वाकलेला होता, तेवढाच, तिथेच. पलंगाच्या पायाजवळ एका फरशीचा कोपरा उडालेला, दोन्हीकडे त्याच आकाराचा, फक्त बाजू उलटी. दाराशेजारचा स्विचबोर्ड एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, आणि बटणांचा क्रमही उलटा. एकाच खोलीत चादर आणि पडदा बदलून दोनदा फोटो काढले होते आणि एक आरशासारखा उलटवून लावला होता. फोटो असा उलटवायला मोबाइलमध्ये दोनदा बोट लावलं की पुरतं.

त्यावर तो जे म्हणाला ते मी विसरणार नाही. "फोटो याच घरातले आहेत ना? ही खोली दाखवली असती तर बघायला कुणी आलंच नसतं." म्हणजे आमच्यासारख्यांनी आधी पैसे गुंतवावेत, मगच ओल दिसावी, हे ठरवून केलेलं होतं. दमेकरी माणसासाठी खोली हवी आहे हे माहीत असताना केलेलं होतं. मला याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

आता हे ओळखायचं कसं, ते सांगते. त्यानंतर मी घरांच्या जाहिराती वेगळ्या नजरेने पाहायला लागले आणि फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून बरंच समजूनही घेतलं.

सगळ्यात आधी, जे दिसतं त्यापेक्षा जे दिसत नाही ते मोजा. वर्णनात जितक्या खोल्या लिहिल्या आहेत, त्या प्रत्येक खोलीचा स्वतंत्र, पूर्ण फोटो आहे का? मुख्य दारातून आत शिरलो असं समजून फोटोंमधून घरभर फिरून बघा. फोटोत दिसणारं प्रत्येक दार कुठल्या तरी खोलीत उघडतं, त्या खोलीचा फोटो कुठे आहे? आमच्या जाहिरातीत ओट्याच्या फोटोच्या अगदी कडेला अर्धवट लोटलेलं एक दार दिसत होतं. त्याच्या मागचा एकही फोटो नव्हता. तीच ती खोली. एकाच खोलीचे पाच-सहा फोटो आणि दुसरीचा एकही नाही, असं दिसलं की थेट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. दोन खोल्या फार सारख्या दिसत असतील तर खिडकीचे गज, फरशीचे सांधे, स्विचबोर्ड, पंख्याची जागा ताडून बघा. चादर बदलता येते, फरशीचा उडालेला कोपरा बदलता येत नाही.

नळ, टॉवेल, कुंडी, दिव्याची शेड अशा वस्तूंचेच जवळून फोटो असतील तर तिथे मागे हटून फोटो काढण्यासारखं काही नाही असं धरून चाला. आमच्या त्या बाथरूममध्ये नळ खरंच नवा होता. बाकीचं सांगत नाही.

खोलीच्या आकाराची गोष्ट वेगळी. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं दृश्य पकडतो, आणि त्यातच असलेला अल्ट्रावाइड साधारण १३ मिलिमीटरइतकं. म्हणजे त्याच जागेवर उभं राहून खोलीचा कितीतरी जास्त भाग एका फोटोत मावतो, आणि समोरची भिंत आहे त्यापेक्षा लांब गेल्यासारखी वाटते. अशी लेन्स वापरणं ही लबाडी नाही, लहान खोलीत मागे सरकायला जागाच नसते. पण ती वापरली आहे हे आपल्याला कळायला हवं. फोटोच्या कडेला असलेल्या चेंडूसारख्या गोल वस्तू बघा: दिव्याचा गोळा, टेबलावरचं फळ. त्या अंडाकृती ताणलेल्या दिसल्या की लेन्स रुंद आहे. खोलीचं खरं माप काढायला फरशा मोजा. एका फरशीची बाजू किती ते विचारायचं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत किती फरशा आहेत ते फोटोत मोजायचं. फर्निचरवरून अंदाज बांधू नका, लहान पलंग ठेवला की खोली आपोआप मोठी दिसते. हल्ली तर रिकाम्या खोलीच्या फोटोत संगणकावर फर्निचर बसवून देतात. सोफ्याच्या पायाखाली सावली नसेल, चकचकीत फरशीत खिडकी उमटली आहे पण टेबल उमटलेलं नाही असं दिसलं, तर ते टेबल त्या खोलीत कधी आलेलंच नाही.

दिवसाचा फोटो आणि सगळे दिवे लावलेले, पडदे ओढलेले असतील तर खिडकीबाहेरचा फोटो मागा. खिडकीच्या जागी नुसता पांढरा झगझगाट असेल तरी मागा. बाहेरचा उजेड आणि आतला अंधार एका फोटोत नीट येत नाही, त्यामुळे प्रामाणिक फोटोतही हे होतं; पण त्याच झगझगाटात समोरची भिंतही लपते. आणि भिंतीच्या खालच्या भागाचा रंग वरच्यापेक्षा ताजा दिसला तर ओलीबद्दल विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूळ फोटो मागण्याचा फार उपयोग होतो. डिजिटल फोटोसोबत तारीख, वेळ, कॅमेरा, लेन्स ही माहिती साठवलेली असते. तिला एक्झिफ म्हणतात आणि ही पद्धत १९९५पासून आहे. मेसेजमधून साधा फोटो पाठवला की ही माहिती सहसा गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की बहुधा टिकते. ही माहिती बदलता येते, त्यामुळे तो पक्का पुरावा नव्हे. पण मूळ फोटो मागितल्यावर समोरचा काय कारणं सांगतो ते ऐका. आम्हाला "डिलीट झाले" असं सांगण्यात आलं.

आम्हाला सगळ्यात जास्त मदत झाली ती फोटोवरून शोध घेण्याची. निळ्या चादरीचा फोटो शोधयंत्रात टाकला तर त्याच घराची एक जुनी जाहिरात सापडली. फोटो तोच. वर्णन मात्र: एक बेडरूम आणि स्टोअर रूम. टोकन देण्याआधी प्रत्येकाने हे करावं असं मी कळकळीने सांगते, काही मिनिटांचं काम आहे. याच शोधात तोच फोटो दुसऱ्याच गावातल्या, दुसऱ्याच मालकाच्या घरासाठी वापरलेला सापडला तर सरळ मागे फिरा. चोरलेल्या फोटोंवर भाड्याचं घर दाखवून अनामत घेऊन पसार होणारेही असतात.

ज्यांना घर विकायचं आहे त्यांनाही सांगायचं आहे, कारण फोटो निवडताना "खराब खोली गाळा" हा सल्ला एजंटच नव्हे, नातेवाईकही देतात. गाळण्यासारखं बरंच आहे, पण ते राहणाऱ्याचं असतं, घराचं नसतं. मुलांचे फोटो, भिंतीवरची प्रमाणपत्रं, टेबलावरची बिलं आणि औषधं, कपाटाची तिजोरी, दाराचं कुलूप आणि कड्या यातलं काही जाहिरातीत दिसू देऊ नका. किल्ल्या तर नकोतच. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी नुसत्या फोटोवरून चालणारी किल्ली बनवून दाखवली होती, त्यातला एक फोटो सुमारे १९५ फुटांवरून काढलेला होता. हॉलच्या फोटोत खुंटीवर टांगलेला जुडगा तर हाताच्या अंतरावर असतो.

पण खोली घराची आहे. ती अंधारी असली, तिला ओल असली तरी तिचा एक फोटो दारातून आणि एक समोरच्या कोपऱ्यातून लावा, आणि खाली जे आहे ते लिहा. स्टोअर रूम म्हणून ती खोली कुणाला तरी चाललीच असती. आम्हालाही ते घर नको आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि मालकांचा वेळ वाचला असता. तसं पाहिलं तर त्यांचीच पहिली जाहिरात खरी होती.

आता आमच्या पैशांचं. मालकांचं म्हणणं होतं की फोटो एजंटने लावले, आम्हाला माहीत नाही. एजंट म्हणाला, टोकन परत मिळत नसतं. घर बघायला गेल्यानंतर दोनच दिवसांत जाहिरातीतून पिवळ्या चादरीचा फोटो नाहीसा झाला. नवऱ्याने टोकन देतानाच जाहिरातीच्या प्रत्येक पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, तारखेसकट, त्यामुळे आमच्या हातात काही राहिलं. ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून वाकलेला गज आणि फुटलेली फरशी लाल वर्तुळांत दाखवली, जुनी जाहिरात जोडली, "दोन्ही बेडरूम हवेशीर" हा मेसेज जोडला आणि मालकांना लेखी नोटीस पाठवली. त्यांनी त्यांच्याकडे पोचलेली रक्कम परत केली. एजंटने स्वतःकडे ठेवलेला हिस्सा अजून दिलेला नाही. त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे, तिच्यासोबतही हीच कागदपत्रं आहेत.

सध्या आम्ही नवं घर बघतो आहोत. प्रत्यक्ष जाता आलं नाही तर थेट व्हिडिओ कॉल लावायला सांगतो: मुख्य दारापासून सुरुवात, मध्ये कॉल बंद करायचा नाही, वाटेतलं प्रत्येक दार उघडायचं, प्रत्येक खोलीत दिवे बंद करून एकदा दाखवायचं, खिडकी उघडून बाहेर कॅमेरा धरायचा. एका मालकांनी हे सगळं आनंदाने केलं, वर गळणाऱ्या नळाकडेही स्वतःच कॅमेरा नेला. ते घर आम्ही पुढच्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन बघायला जाणार आहोत. दुसऱ्या एकाने मधल्या खोलीशी आल्यावर नेटवर्क गेल्याचं सांगितलं आणि नंतर फोन उचलला नाही.