तडा दिसण्याआधी: विकिरण वाढवलेली फायबर सहा बीमांवर वापरून पाहिली

सळईवर स्ट्रेन गेज, म्हणजे ती किती ताणली जाते ते मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवण्यात माझी बावीस वर्षं गेली. सळई घासायची, आयसोप्रोपिलने पुसायची, गेज ठेवून अंगठ्याने मिनिटभर दाबून धरायचं, तारा डागायच्या, वर मेण आणि रबराचा थर द्यायचा. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरची सुई तिथे लागू नये म्हणून स्वतः शटरिंगपाशी उभं राहायचं. एवढं करून तीन मीटरच्या बीममध्ये आठ ठिकाणची मोजमापं हाती येतात आणि तडा नेमका दोन गेजांच्या मधून जातो.

म्हणून या वेळी पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत ऑप्टिकल फायबरने, म्हणजे काचेच्या बारीक धाग्याने, ताण मोजणारं यंत्र महिनाभर भाड्याने घेतलं. फायबरच्या दोन रिळी मागवल्या. एक साधी, टेलिफोनवाले टाकतात तीच. दुसरी अतिनील किरणांनी विकिरण (प्रकाशाचं आत विखुरणं) वाढवलेली, आणि तिची किंमत साधीच्या कित्येक पट. हा अभिप्राय या दुसऱ्या रिळीबद्दल आहे, कारण पैसे तिच्यावर खर्च होतात आणि विद्यार्थ्यांपासून कन्सल्टंटपर्यंत सगळे मला तिच्याबद्दलच विचारतात.

आधी हे चालतं कसं ते सांगते. काच वितळलेल्या अवस्थेतून थंड होताना तिच्या घनतेत सूक्ष्म उंचसखलपणा तसाच गोठून राहतो. प्रकाश त्यावर आपटतो आणि त्यातला थोडा मागे फिरतो. यालाच रॅलेचं विकिरण म्हणतात. आकाश निळं दिसतं त्यामागेही हेच आहे. पाट्याला टाकी लावली की दोन पाटे कधी हुबेहूब सारखे होत नाहीत, तशी प्रत्येक फायबरची ही आतली टाकी वेगळी असते आणि कायम राहते. फायबर ताणली किंवा तापली की त्या जागेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा ठसा रंगपट्ट्यात किंचित सरकतो. लेसरचा रंग हळूहळू बदलत नेऊन यंत्र हा ठसा वाचतं आणि आधीच्या ठशाशी ताडून पाहतं. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या मार्क फ्रॉगट आणि जेसन मूर यांनी 1998 मध्ये या पद्धतीने स्ट्रेन मोजून दाखवला. फायबरमध्ये वेगळं काही कोरावं लागत नाही, सगळी फायबरच सेन्सर होते.

अडचण परतणाऱ्या प्रकाशाची आहे. मिलिमीटरभर साध्या फायबरमधून मूळ प्रकाशाचा साधारण हजार कोटीवा भाग मागे येतो. एवढ्याशा प्रकाशावर यंत्राचा स्वतःचा गोंगाट सहज चढतो. मॉन्ट्रियलच्या पॉलिटेक्निकमधल्या सेबास्तियन लोरांजे, रामन कश्यप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये यावर सोपा तोडगा काढला. साधी टेलिकॉम फायबर हायड्रोजनच्या दाबाखाली ठेवायची आणि मग तिच्या कोरवर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, अतिनील किरण टाकायचे. मागे येणारा प्रकाश दहापट झाला. दोन सेंटिमीटर लांबीवर 20 मिलिकेल्विन, म्हणजे एका अंशाचा पन्नासावा भाग, एवढी तापमानवाढ त्यांना टिपता आली. यंत्र तेच ठेवून फक्त काच बदलल्याने हे झालं. मला या कामाचं फार अप्रूप आहे, कारण आमच्यासारख्या प्रयोगशाळांना नवीन यंत्र परवडत नाही, फायबर परवडू शकते.

आता आमचं काम. सळईच्या कडेला बारीक खाच पाडून घेतली, एका बाजूला साधी फायबर, समोरच्या बाजूला वाढवलेली, आणि दोन्ही इपॉक्सीने बसवल्या. शेजारी टेफ्लॉनच्या नळीत एक फायबर सैल सोडली, तापमानासाठी. ही तिसरी फायबर कोणीही गाळू नका. एक अंश तापमान वाढलं की चिकटवलेली नसलेली फायबरसुद्धा साधारण 8 मायक्रोस्ट्रेन (दहा लाखांत आठ भाग लांबी वाढावी एवढा) ताण दाखवते. शिवाय सळई स्वतः अंशामागे सुमारे 12 मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावते. सकाळी नऊला शून्य (सुरुवातीचं वाचन) घेऊन दुपारी दोनला वाचन केलं तर बीमवर काही न ठेवताही आकडे हलतात.

बीमवर भार नसताना, दोन सेंटिमीटरच्या गेज लांबीवर (एका वाचनासाठी धरलेला फायबरचा तुकडा), साध्या फायबरची रेघ दोन-तीन मायक्रोस्ट्रेन वरखाली थरथरत होती. वाढवलेलीची अर्ध्या मायक्रोस्ट्रेनच्या आत राहिली. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेतले सहायक, यंत्रापाशी उभे होते. बाहेर राहिलेल्या वाढवलेल्या फायबरवर त्यांनी बोट टेकवलं आणि पडद्यावर तिथेच गुळगुळीत टेकाड उठलं. "मॅडम, अहो, हिला माझ्या बोटाची ऊब कळते!" ते म्हणाले. मग त्यांनी बोट दोन वीत पुढे नेलं, टेकाडही पुढे गेलं. साध्या फायबरवरही टेकाड येत होतं, पण त्याच्या कडा गोंगाटात विरत होत्या.

खरी परीक्षा चौथ्या बीमवर झाली. जॅकने भार टप्प्याटप्प्याने वाढवत होतो. वाढवलेल्या फायबरच्या रेघेवर डाव्या टोकापासून 1 मीटर 42 सेंटिमीटरवर एक हलका उंचवटा दिसू लागला, पाच-सहा मायक्रोस्ट्रेनचा. साध्या फायबरमध्ये त्या जागी मला काही वेगळं काढता आलं नाही. मी काँक्रीटवर पेन्सिलने खूण केली. बीमला पांढरा चुना दिला होता आणि भिंगातून पाहिलं तरी तिथे काही नव्हतं. पुढच्या दोन टप्प्यांत उंचवटा शिखरासारखा झाला आणि त्यानंतर चुन्यावर केसाएवढी रेघ उमटली. पेन्सिलीच्या खुणेपासून एका बोटावर. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी तडा त्याच्या येण्याआधी पाहिला. त्या दिवशी संध्याकाळी मी बराच वेळ त्या बीमपाशीच थांबले.

आता जिथे ही रीळ कमी पडते ते. तड्याच्या अगदी काठावर सेंटिमीटरभरात स्ट्रेन एकदम चढतो आणि तिथे दोन्ही फायबर सारख्याच अडखळल्या. हे अपेक्षित होतं. वाढवलेल्या विकिरणाचा फायदा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गेज लांबीवर मिळतो. त्याखाली ठसे ताडण्याचीच मर्यादा आड येते. सेंटिमीटरपेक्षा बारीक तपशील हवा असेल तर या रिळीवर पैसे घालू नका.

दुसरं, हिची लांबी मर्यादित ठेवा. जास्त प्रकाश मागे फिरतो म्हणजे पुढे कमी जातो. बीम, टाकी यांसाठी उत्तम. बोगदा किंवा किलोमीटरभर पाइपलाइन असेल तर ब्रिलुआँ पद्धत (लांब पल्ल्याची दुसरी फायबर पद्धत) बघा. फक्त तापमान हवं असेल तर रामन पद्धत, जिचं मूळ कोलकात्यात 28 फेब्रुवारी 1928 ला सापडलेल्या रामन परिणामात आहे.

तिसरी गोष्ट मनाला लागली. वाढवलेल्या फायबरची आमची पहिली रीळ न भाजता आली. अतिनील किरण टाकून झाल्यावर काचेत हायड्रोजन उरतो आणि हळूहळू बाहेर पडत राहतो, तोवर शून्य सरकत राहतं. दोन दिवस आम्ही तापमानाचा दोष समजून खोलीचा एसी, खिडक्या, दिवे तपासत बसलो. विद्यार्थ्यांचे ते दोन दिवस वाया गेले. पुरवठादाराला विचारलं तेव्हा "तुम्ही भाजून घ्यायचं असतं" एवढंच उत्तर आलं. रिळीवर तसं एका ओळीत लिहायला हवं होतं. शेवटी 80 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन दिवस ठेवली, त्यानंतर शून्य जागेवर राहिलं. पुन्हा तशी रीळ मागवताना मी भाजलेलीच द्या असं लेखी घेतलं.

कोटिंगही नीट विचारून घ्या. साधं अ‍ॅक्रिलेट कोटिंग अतिनील किरण अडवतं, त्यामुळे काही ठिकाणी ते सोलून, किरण टाकून, पुन्हा चढवतात. असा सोललेला भाग नाजूक होतो. आमच्याकडे खाचेत बसवताना दोनदा फायबर तुटली, दोन्ही वेळा अशाच जोडाशी. किरण आरपार जाऊ देणाऱ्या कोटिंगची मिळाली तर तीच घ्या, महाग असली तरी.

बाकी जोडणी सोपी आहे. फायबर सांधणारं नेहमीचं स्प्लायसिंग मशीन आणि ती कापायचा चांगला क्लीव्हर पुरतो. कनेक्टर दर वेळी पुसा. फायबरच्या मोकळ्या टोकावरून परतणारा झोत मोजमाप बुडवतो, म्हणून शेवटचा तुकडा बारीक काडीभोवती घट्ट गुंडाळून टाका.

पाचव्या आणि सहाव्या बीमला साधी फायबर लावलीच नाही. पुढच्या महिन्यात एका जुन्या पुलाच्या गर्डरचा तुकडा तपासणीला येतोय. त्यासाठी भाजलेल्या, सलग कोटिंगच्या दहा मीटरची मागणी नोंदवून झाली आहे.