पुस्तक वाचणारा एकच असेल तर: चार फँटसी रोलप्ले नियमसंच, आठ महिन्यांचा वापर

आधी टेबल, म्हणजे खेळणारा गट, कसलं ते सांगायला हवं, नाहीतर कुठल्याही नियमसंचाला बरं-वाईट म्हणण्यात अर्थ नाही. बेळगावात टिळकवाडी, रविवार दुपार, जेमतेम तीन तास. एक जीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा, आणि एकेक पात्र चालवणारे पाच खेळाडू, त्यातले दोघे खानापूरहून बसने येणारे. पावसाळ्यात तिघंच हजर असे रविवार बरेच. बोलणं मराठीत, रंगात आलं की कानडीत, नियम मात्र इंग्रजीत. आणि घरून पुस्तक वाचून येणारा माणूस एकच. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत जड निघाला. नियम तोंडी सांगून पोचतात का, यावरच निकाल लागला.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे डी अँड डीच्या, पाचव्या आवृत्तीचा (२०१४) गाभा तोंडी सहज पोचतो: वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राचा आकडा मिळवा, ठरलेलं लक्ष्य गाठा. अडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून मोठं दान घ्यायचं, हे तर एकदा दाखवलं की झालं. अडचण त्यापुढे. प्रत्येक क्लासचे, म्हणजे पात्राच्या पेशाचे, अपवाद वेगळे, आणि ते ज्याचे त्यानेच वाचावे लागतात. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे (जादूगाराकडे) तीन कॅन्ट्रिप (कितीही वेळा चालणारे छोटे मंत्र), वहीत सहा स्पेल (मोठे मंत्र) आणि ते वापरायला दोन स्लॉट (टाकायच्या संधी); त्यातले आज तयार कुठले, हे दर वेळी जीएमलाच विचारलं जातं. ताकद १६ असली तर फाशात १६ नव्हे, +३ मिळवायचे, ही चूक तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत चालते. स्पेलची लेव्हल आणि पात्राची लेव्हल यांचा घोळ त्याहून चिवट: तिसऱ्या लेव्हलचं स्पेल पात्र पाचव्या लेव्हलला पोचल्यावर मिळतं. पात्राच्या माहितीच्या शीटवर '१६' बारीक आणि '+३' ठळक लिहिलं की पहिला घोळ मिटतो. दुसरा मिटत नाही.

लढाई लांबते, कारण पाळी येईपर्यंत कोणी विचारच करत नाही. तीन गोष्टींनी फरक पडला. मारण्याचा आणि नुकसानीचा फासा एकत्रच टाकायचा. सगळ्या राक्षसांचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) एकच धरायचा. त्यांचं नुकसान फाशाने न काढता छापील सरासरी घ्यायची, गॉब्लिन या किरकोळ राक्षसाची ५. पहिल्या लेव्हलला बगबेअर हा राक्षस मात्र टाळावा. त्याची सरासरी ११, म्हणजे एका फटक्यात विझार्ड आडवा, आणि पुढचा तासभर तो खेळाडू चहाच करत बसतो.

पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती (२०१९) हिशेबाला सर्वांत स्वच्छ. पाळीला तीन ॲक्शन, दुसऱ्या हल्ल्याला -५, तिसऱ्याला -१०. लक्ष्यापेक्षा दहाने जास्त दान पडलं की क्रिटिकल, म्हणजे मोठं यश, त्यामुळे प्रत्येक +१ ला किंमत. पण प्रत्येक लेव्हलला कुठली ना कुठली फीट (खास कौशल्य) निवडायची असते. नियम सगळे आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण फुकट असले तरी वाचावे लागतातच. पाचांपैकी तिघे घरी वाचणारे असतील तरच हा घ्यावा. इथे नव्हते, दोन सेशनमध्ये बंद.

डंजन वर्ल्डचं (२०१२) आकर्षण म्हणजे दोन साधे फासे, लुडोच्या डब्यातलेसुद्धा चालतात. ही अर्धी गोष्ट. नुकसानीला फायटरला दहाचा आणि विझार्डला चारचा फासा लागतोच. दोन फाशांची बेरीज १० किंवा जास्त म्हणजे पूर्ण यश, ७ ते ९ म्हणजे जमलं पण काहीतरी मोजावं लागलं, ६ किंवा कमी म्हणजे सूत्रं जीएमच्या हाती. बेरजेत +१ मिळवायचा असताना मधला निकाल ३६ पैकी १६ वेळा येतो, सगळ्यांत जास्त. म्हणजे जीएमला तीन तास सतत नवी किंमत सुचली पाहिजे. मशाल विझली, दोर तुटला, आवाज ऐकून कोणी आलं, इथवर सगळ्यांचं चालतं. पाचव्या दानाला डोकं अडतं. दहा-बारा किमती आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवल्या तर हा खेळ उत्तम रंगतो. वाचणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्यांचा गट असेल त्याने हाच घ्यावा.

टेबलावर राहिला तो केर्न (२०२०). पीडीएफ फुकट, आणि परवाना असा की मूळ श्रेय देऊन, तोच परवाना ठेवून भाषांतर करून वाटता येतं. म्हणून नियमांचं मराठी पान करता आलं, आणि खरा फरक तिथे पडला. तीन गुण: ताकद, चपळाई, निर्धार, प्रत्येकी सहाचे तीन फासे. एचपीचं (हिट प्रोटेक्शन) भाषांतर सुरुवातीला 'जीव' केलं होतं, ते चुकलं. केर्नमध्ये एचपी म्हणजे रक्त नव्हे, वार चुकवण्याची क्षमता. 'दम' म्हटल्यावर कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही: क्षणभर टेकून घोटभर पाणी प्यालं की दम परत येतो, दम संपल्यावर पुढचा मार ताकदीवर बसतो, आणि मग उरलेल्या ताकदीवर दान टाकून बघायचं, उभा राहतो की कोसळतो. सामानाला दहा खण, मोठी वस्तू दोन खण अडवते, स्पेल टाकलं की एका खणात थकवा बसतो. दहाही खण भरले की दम शून्य. ओझ्याचा हा नियम भीमगडाच्या रानात एकदा चालून आलेल्याला पटवावा लागत नाही.

क्लास नसल्यामुळे खानापूरची बस चुकली तरी खेळ अडत नाही. बरं करणारा आला नाही म्हणून मोहीम रद्द, असं होत नाही. नवीन पात्र दहा मिनिटांत तयार.

दोष आहेत. हल्ला चुकतच नाही, थेट नुकसानीचा फासा, त्यातून चिलखत वजा. त्यामुळे डी अँड डीच्या सवयीने दार उघडताच तलवार काढणारे पटापट मरतात. हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावं. दान गुणाइतकं किंवा कमी पडलं तर यश, म्हणजे वीस पडल्यावर ओरडणारा इथे नापास झालेला असतो. पानाच्या डोक्यावर 'लहान दान चांगलं' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि पहिल्या आवृत्तीत लेव्हल नाहीत. ज्याला महिन्याला आकडा वाढलेला बघायचाय तो कंटाळणार. असे दोघे असतील तर निमूट डी अँड डीकडे जा.

फाशांबद्दल: सात फाशांचे दोन संच सगळ्यांत मिळून पुरतात, ते ऑनलाइनच मागवावे लागतात. वीसचा हरवला तर दहाचा आणि सहाचा एकत्र टाका. सहाच्यावर १ ते ३ आले तर दहाचा आकडा तसाच, ४ ते ६ आले तर त्यात दहा मिळवा. दहाच्या फाशावरचं शून्य म्हणजे दहा. शीट ए-फोरच्या अर्ध्या पानावर झेरॉक्स काढा आणि पेन्सिलनेच भरा, कारण खण दर दहा मिनिटांनी खोडावे लागतात.